तसलाच दुसरा चाकू

माझ्या पर्समध्ये एक घडीचा चाकू असतो आणि घरी कपाटात अगदी तसलाच दुसरा. याचं कारण मी आता कुणाला सांगत बसत नाही. मेट्रोत शिरताना पर्स यंत्रातून जाते तेव्हा पलीकडची गणवेशातली मुलगी कधीकधी मला बाजूला घेते. "अज्जी, हे काय?" म्हणून कन्नडमध्ये विचारते. मी चाकू उघडून दाखवते, पेरू कापायला लागतो म्हणते. माझे पांढरे केस बघून ती कधी सोडते, कधी सोडत नाही. नाही सोडलं तर मी मुकाट्यानं बाहेर येऊन ऑटो धरते. नात म्हणते, "घरी ठेव ना तो. आणि दोन कशाला? हरवला तर ऑनलाइन मागवू." मागवता येतो, हे खरं आहे. पण ही सवय मला लागली ती मागवण्याचे दिवस येण्याच्या फार आधी, आणि ती मूळची माझी नाही. ती माझ्या शालन आत्याची.

राजाजीनगरात आम्ही एका वठारात राहायचो. एका ओळीत बिऱ्हाडं, समोर सगळ्यांत मिळून एक नळ आणि कपडे धुवायचा दगड. अप्पा कारखान्यातल्या नोकरीसाठी निपाणीहून इकडे आलेले. ओळीत मराठी बोलणारे आम्हीच. घरात मराठी, नळावर कन्नड, आणि उंबऱ्यात उभं राहून बोलायचं तर दोन्हींचं मिळून काहीतरी. सकाळी आमच्याकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि शेजारच्या जयम्मांकडून नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, घोटल्याचा. तो लाकडी दांडा पातेल्याच्या काठावर आपटला की आता त्यांचं जेवण तयार आहे, हे आम्हाला कळायचं. आई त्यांना शेंगाचटणी द्यायची, त्या आईला सारू, म्हणजे त्यांची पातळ आमटी, द्यायच्या. वाटी रिकामी परत करायची पद्धत दोन्ही घरांत नव्हती.

शालन आत्या अप्पांची धाकटी बहीण. आजोबांच्या लांबलेल्या दुखण्यात तिचं लग्न राहून गेलं, मग आजोबाही गेले आणि ती आमच्याकडे बेंगळूरला आली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ट्रंक कॉल जोडायची. दिवसभर कानाला यंत्र लावून चिठ्ठ्यांवर नंबर लिहायचे, तेही पेन्सिलीनं, म्हणून तिला चाकू लागायचा. तिच्या सोबतच्या बायका पेन्सिलीला टोक काढायचं छोटं यंत्र वापरत. आत्याला त्यात शिसं मोडलेलं खपायचं नाही. लहानपणापासून आजोबांचा शिंगाच्या मुठीचा चाकू तिच्याजवळ होता. इकडे आल्यावर पहिल्याच वर्षी तो बसमध्ये कुठंतरी पडला. त्यानंतर तिनं बरेच चाकू आणले आणि सगळे कुणाकुणाला देऊन टाकले. एकाची मूठ जाड, एकाचं पातं डुगडुगणारं. हातात बसत नाही, म्हणायची.

मी चौथीत असताना ती मला चिकपेटला घेऊन गेली. आईसाठी साडी घ्यायची होती. साडी घेऊन आम्ही निघालो आणि कुलपं-कात्र्या विकणाऱ्या एका दुकानासमोर ती थांबली. अरुंद बोळातलं दुकान, दारात साखळ्या टांगलेल्या. तिनं एक चाकू हातात घेतला, मिटला, उघडला, पुन्हा मिटला. काळसर लाकडाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हा बसला. मग तिनं दुकानदाराला म्हटलं, "हाच अजून एक द्या."

म्हातारा दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "एरडु याके अम्मा?" दोन कशाला?

"एक हरवला तर?"

"तर पुन्हा या. दुकान कुठं जातंय?"

"दुकान असेल," आत्या म्हणाली, "हा चाकू असेल का?"

त्याला ते पटलं असावं. तो आत गेला आणि खोक्यातून बरेच चाकू काढून त्यानं तिच्यासमोर ओतले. तिनं एकेक उघडून पाहिला आणि पहिल्याशी तंतोतंत जुळणारा निवडला. मला त्या दोघांत आणि बाकीच्यांत काडीचा फरक दिसत नव्हता.

त्यातला एक तिच्या पर्समध्ये गेला आणि दुसरा फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून तिच्या ट्रंकेत. पर्समधला सगळ्या वठाराचा झाला. "शालू अक्का, चाकू कोडी," चाकू द्या, असं म्हणत जयम्मा नारळाची शेंडी सोलायला न्यायच्या, कोपऱ्यावरचा वायरमन न्यायचा, पोरं पतंगाच्या काड्या तासायला न्यायची. आई कुरकुरायची, "वन्सं, परत येईल का तो?" आत्या म्हणायची, "येतो हो वहिनी. आणि नाही आला तर दुसरा आहे की." तो दुसरा आहे म्हणूनच ती पहिला इतक्या सहज कुणाच्याही हातात ठेवत होती, हे मला तेव्हाही समजायचं. संध्याकाळी ती कामावरून येताना पेरू आणायची, पायरीवर बसायची आणि चाकूनं त्याच्या अशा फाकी करायची की खाली देठाशी त्या जोडलेल्याच राहायच्या. मधे तिखटमीठ भरायचं. मग तो पेरू आम्हा पोरांमधून फिरायचा आणि ज्यानं त्यानं आपली पाकळी तोडून घ्यायची. आता माझे दात पेरूला तयार नाहीत, पण मी अजून तसाच कापते आणि नातीला देते.

खंडेनवमीला दोन्ही चाकू पाटावर एकमेकांशेजारी बसायचे. त्या दिवशी सगळ्या गावात यंत्रांची पूजा. बसला केळीचे खुंट बांधलेले, रस्त्यावर जागोजाग फोडलेले कोहळे, त्यांच्यात कालवलेलं कुंकू. आमच्या पाटावर अप्पांचं मोजमापाचं हत्यार, आईची विळी, माझं कंपास, आणि हे दोघं. वर्षं जातील तसं वापरातल्या चाकूचं पातं परजून परजून अरुंद होत गेलं आणि दुसऱ्याचं होतं तसंच राहिलं. त्या दुसऱ्याला शिलाई मशीनचं तेल लावायचं काम माझं. त्याची कमान कडक होती. अंगठ्यानं उघडायला गेलं तर हलायचा नाही. पात्यावरच्या खाचेत नख घालून आधी थोडं आपल्याकडे आणि मग वर उचलावं लागे. ते मला आत्यानं शिकवलं होतं. तेल लावून मी तो पुन्हा फ्लॅनेलात गुंडाळायची. तो पुढेमागे माझाच व्हायचा, असं मी धरून चालले होते. तसं कुणी म्हटलं नव्हतं. पण त्या ट्रंकेत हात घालायला दुसऱ्या कुणाला परवानगीच नव्हती.

मी दहावीत गेले त्या वर्षी आत्याचं लग्न ठरलं. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंनी स्थळ आणलं. गृहस्थ धारवाडकडचे, मराठीच, बँकेत होते, इंदिरानगरात राहायचे. बायको वारलेली, नऊ वर्षांची मुलगी. आत्या तेव्हा चाळिशीच्या जवळ आली होती. अप्पा तिला म्हणाले, "शालन, मन मारून हो म्हणू नकोस. हे घर तुझंच आहे." ती म्हणाली, "मन मारून नाही अण्णा. माणूस बरा वाटला. बोलताना मधे थांबून ऐकतात." दिवसभर लोकांचं बोलणं जोडून देणाऱ्या बाईनं हे म्हटलं, म्हणजे तिनं पुरेसा विचार केला होता.

ती ट्रंक भरत होती तेव्हा मी खाटेवर बसून होते. साड्या गेल्या, आजोबांचा फोटो गेला, तांब्याचा गडू गेला. फ्लॅनेलची पुरचुंडी तिनं हातात घेतली आणि क्षणभर तशीच धरली. मी मान वर केली नाही. आता ती म्हणेल, कुंदा, हा तुला. तिनं ती दोन साड्यांच्या मधे सरकवली आणि ट्रंक लावली. मी उठून नळावर गेले, रिकामी नसलेली बादली पुन्हा भरली आणि तिथंच थोडा वेळ उभी राहिले. चाकूसाठी रडू येणं मला लाजिरवाणं वाटत होतं. अर्थात ते चाकूसाठी नव्हतंच. ती गेल्यावर संध्याकाळी पायरीवर कुणी बसेना. आई पेरू विळीवर चिरून ताटलीत द्यायची. चवीला तेच, पण ताटली ज्याच्यापुढे येईल त्यानं आपापलं उचलायचं.

इंदिरानगर तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. आज तिथं उभं राहून मला दिशाही कळत नाही. सगळी हॉटेलं आणि काचा. तेव्हा घराघरांमध्ये मोकळे प्लॉट होते आणि त्यांत गाई चरायच्या. राजाजीनगरहून जायचं तर मेजेस्टिकला बस बदलायची. पहिल्यांदा गेले तेव्हा आतोबांनी स्वतः कॉफी करून दिली. त्यांची मुलगी नलिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बारीक अंगाची, घट्ट दोन वेण्या. तिची आई गेल्यापासून शेजारच्या कन्नड बाईंनी तिला सांभाळलेलं, त्यामुळे तिचं मराठी अडखळत यायचं. पण प्रश्न मराठीचा नव्हता. ती आत्याशी बोलतच नसे. आत्या काही विचारेल तर मान हलवून हो किंवा नाही. उद्धटपणा कुठंच नाही, सांगितलेलं सगळं करायची.

आत्या स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "ती मला कशीच हाक मारत नाही गं. हाक मारायची वेळ येऊ नये म्हणून वरच्या फळीवरचं काही हवं असलं तर स्टूल ओढत नेते."

मला नलिनीची कीव यायला हवी होती. पण तेवढ्यात ती अभ्यासाला बसली, तिनं दप्तर उघडलं, आणि पाटी-पुस्तकांच्या खाली मला ती फ्लॅनेलची पुरचुंडी दिसली. तीच, कडेला माझ्या तेलाचे डाग असलेली.

त्यानंतर मी बरेच दिवस गेले नाही. परीक्षा आहे, डोकं दुखतंय, बसला गर्दी असते. शेवटी आईनं शेंगाचटणीचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वन्संनी तीनदा निरोप धाडलाय. काय झालंय ते मला सांगू नकोस हवं तर, पण जा." गेले. आतोबा बाहेर होते, नलिनी शेजारी. आत्या कणीक मळत होती. मी ठरवून गेले होते की विचारायचं नाही, आणि बसल्याबरोबर विचारलं.

"आत्या, तो चाकू तिला दिलास?"

"दिला नाही. तिच्याकडे सांभाळायला ठेवलाय. म्हटलं, माझा हरवला तर तुझ्याकडे मागेन, नीट ठेव."

"मी नसता का सांभाळला?"

तिचे हात थांबले. "तू सांभाळलाच असतास. पण तुझं-माझं कशावर अडलंय कुंदा? मी बोलावलं नाही तरी तू येशील, रुसलीस तरी येशील. आलीस की नाही आज? तिचं तसं नाही. तिला या घरात माझं काही लागतच नाही, असं तिनं ठरवलंय. मग म्हटलं, निदान मला तरी तिचं काही लागू दे."

मला ते समजलं, पण समजल्यानं बरं वाटलं नाही. मी घरी आले आणि आईला म्हटलं, आत्या मजेत आहे.

त्यानंतर दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी मी पुन्हा गेले होते. जेवणं होऊन गेली होती, आतोबा व्हरांड्यात पेपर वाचत होते, नलिनी जमिनीवर बसून नकाशा रंगवत होती. बाहेरून "सीबेहण्णू, सीबेहण्णू" अशी आरोळी आली. पेरूवाल्याची गाडी. आत्या म्हणाली, "कुंदा, पर्समधून सुटे घे आणि चार आण जा." पर्स खिळ्याला टांगलेली होती. सुट्या पैशांसाठी मी आतल्या कप्प्यात हात घातला तर बोटांना चाकू लागला. काळसर मूठ, पितळेची टोकं. त्यात विशेष काही नव्हतं. तो नेहमी तिथंच असायचा. मी सुटे घेतले आणि बाहेर गेले.

पेरू घेऊन आत आले तर आत्या स्वयंपाकघरातले डबे हलवत होती. "माझा चाकू कुठं गेला कोण जाणे," ती म्हणत होती. आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा. आतोबा बाहेरून म्हणाले, "सुरी घे ना."

"सुरीनं तसा कापता येत नाही हो. काल तर होता."

"आत्या, तो तुझ्या..." मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे वटारले नाहीत, खुणावलं नाही, नुसतं पाहिलं. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, आणि तरी त्या घटकेला ती माझ्याकडे काहीतरी मागत होती, जे तिनं पूर्वी कधी मागितलं नव्हतं. मला वाक्य पुरं करता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. नलिनीचा रंगवणारा हात थांबला होता.

"तुझ्या ऑफिसात राहिला असेल," मी म्हणाले.

"असेल," आत्या म्हणाली आणि रिकाम्या हातांनी पाटावर बसली. पेरू तिच्यापुढे ताटात. आतोबांनी पेपरचं पान उलटलं, त्याचा आवाज आला. मला वाटलं, आता आत्या स्वतःच मागेल, पण ती थांबून राहिली. टेलिफोनवर पलीकडून कुणी उचलेपर्यंत ती अशीच थांबत असेल.

"माझ्याकडं आहे," नलिनी म्हणाली. नकाशाकडे बघतच. मग जरा वेळानं, "तो चालतो?"

"चालेल की," आत्या म्हणाली. "तसलाच आहे तो."

"पण परत द्यायचा."

"परत देणार. तो तुझ्याकडंच राहायचा."

नलिनी उठली, दप्तरातून पुरचुंडी काढली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. फ्लॅनेल नीट उलगडून तिनं चाकू उघडायला घेतला. तो हलेना. तिनं अंगठा लावला, दात ओठांवर रोवले, कान लाल झाले. आत्याकडे द्यायला तिनं हात पुढे केला नाही, आणि आत्यानंही मागितला नाही. मला ते बघवेना. "अंगठ्यानं नाही," मी म्हटलं. "इथं खाच आहे बघ. नख घाल. आधी स्वल्प तुझ्याकडं ओढ. आता वर." कमान वाजली आणि पातं उघडलं. त्या पात्यावर मी वर्षानुवर्षं तेल लावलं होतं, पण ते कधी फळाला लागलेलं नव्हतं. आत्यानं पेरू कापले, तिखटमीठ भरलं, एक पेरू नलिनीच्या हातात दिला. तिनं एक पाकळी तोडली आणि पेरू माझ्याकडे धरला. मग आठवल्यासारखं करून आत्याकडे धरला.

त्या दिवशी तिनं आत्याला हाक मारली, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. ती मारायला आणखी बराच काळ गेला, आणि मारली ती आई म्हणून नव्हे. शालम्मा म्हणून. हे नाव तिनं स्वतःच तयार केलं आणि त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नव्हता. आत्या शेवटच्या आजारात होती तेव्हा दवाखान्यातल्या नर्साही तिला शालम्मा म्हणायला लागल्या, तर नलू त्यांना म्हणाली, तुम्ही दुसरं काहीतरी म्हणा.

संध्याकाळी मी निघाले. आत्या म्हणाली, "नलू, हिला स्टॉपपर्यंत सोडून येतेस?" ती चपला घालून निघाली सुद्धा. मोकळ्या प्लॉटांमधून वाट होती. गाई बसलेल्या, वर पोपटांचा गलका. मला काय विचारावं ते सुचेना. शाळेचं विचारलं, तिनं एका शब्दात उत्तर दिलं. स्टॉपवर आम्ही दोघीच होतो.

"अक्का," ती म्हणाली, "पर्समध्ये होता तो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"चाकू. सकाळी त्यांनी पर्समध्ये ठेवलेला. मी बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं वेणीचं टोक तोंडात धरलं, पुन्हा सोडलं. तिला मराठी शब्द जुळवायला वेळ लागत होता.

"त्यांना माझ्याकडचा पाहिजे होता," ती म्हणाली. "तुम्हीपण नाही बोलला ना?"

आत्याला हे मी कधी सांगितलं नाही. नलूनंही सांगितलं नसावं. पुढं एवढी वर्षं आम्ही दोघी एकमेकींच्या घरी जात-येत आहोत, पण त्या दुपारबद्दल पुन्हा बोलण्याची आम्हाला गरज पडली नाही. तेव्हा मला एवढंच वाटलं की पुढच्या रविवारी यायला कारण लागणार नाही.

"बंतु," ती म्हणाली. बस आली. आणि मी हात करायच्या आत ती रस्त्याच्या कडेला पुढं झाली, टाचा उंचावल्या आणि दोन्ही हात हलवून तिनं माझ्यासाठी बस थांबवली.